आयला बेटावरील तीन दिवस

ज्या बेटाची ही हकीकत आहे त्याचें नांव इंग्रजी अक्षरांवरून वाचलें तर ‘इस्ले’ असें कांहींतरी होतें. परंतु तेथील लोक त्याचा उच्चार ‘आयला’ असा करतात. आपल्याकडे हा शब्द एखाद्या मुलाच्या तोंडून निघाला तर वडील मंडळी डोळे वटारतात. आमच्या पुतणीनें ग्लासगोहून टेलिफोनवर “काका, या उन्हाळ्यांत तुम्हांला आणि काकूला आयलाला न्यायचं ठरवलंय” असें सांगितलें, तेव्हां शेजारीं बसून ऐकणाऱ्या आमच्या सौ.नीं “या मुलीची भाषा विलायतेंत जाऊन फारच बिघडली” असा शेरा मारला. पुढें उलगडा झाला, हंशा पिकला, आणि २०२३ सालच्या जून महिन्यांत आम्ही दोघें खरोखरच त्या बेटावर जाऊन आलों.

हें बेट जगांत प्रसिद्ध आहे तें दारूसाठीं. तेव्हां आजीपासून नातवापर्यंत सर्वजण जें मासिक वाचतात त्यांत असल्या विषयाला जागा कशाला, असें कोणी विचारील तर तो प्रश्न मला रास्त वाटतो. मी स्वतः दारू पीत नाहीं. कां पीत नाहीं तें पुढें येईलच. पण मीं पस्तीस वर्षें महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकविलें, ऊर्ध्वपातनाची आकृति फळ्यावर शेंकडों वेळां काढली, आणि ती क्रिया मोठ्या प्रमाणावर चाललेली एकदां डोळ्यांनीं पाहावी अशी इच्छा मनांत होती. हें झालें माझें कारण. पुतणीचें कारण निराळें होतें, व तें तिनें आम्हांला आधीं सांगितलें नव्हतें.

ग्लासगो सोडल्यावर मोटारीचा रस्ता लोमंड सरोवराच्या कांठाकांठानें जातो, मग डोंगर चढून इन्व्हरेरी गांवावरून समुद्राच्या एका लांबट फांट्याला लागतो. शंभर मैलांच्या या वाटेंत पाऊस चार वेळां आला आणि चार वेळां गेला. कोंकणांतल्या माणसाला यांत नवल वाटूं नये, पण जूनचा पाऊस इतका थंड असावा हें मात्र अखेरपर्यंत अंगवळणीं पडलें नाहीं. केनाक्रेग येथें मोटारीसकट बोटींत शिरावयाचें आणि सुमारें सव्वादोन तासांनीं आयलाच्या दक्षिण टोकाला पोर्ट एलन बंदरांत उतरावयाचें. हें गांव तेथील जमीनदार कँबेल यांनीं १८२१ सालीं वसविलें व आपल्या पत्नीचें, एलिनॉरचें, नांव त्याला दिलें. ती वारल्यावर १८३२ सालीं तिच्या स्मरणार्थ बंदराच्या तोंडाशीं दीपगृह बांधलें. दीपगृह म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें गोल मनोरा येतो. हें चौकोनी आहे.

बोट किनाऱ्याजवळ आली तसे काळ्या खडकांवर एकामागून एक पांढऱ्याशुभ्र इमारतींचे तीन पुंजके दिसूं लागले. प्रत्येकाच्या समुद्राकडील भिंतीवर मोठमोठ्या काळ्या अक्षरांत नांव रंगविलेलें: आर्डबेग, लागावूलिन, लाफ्रॉइग. पूर्वीं सातू आणि कोळसा समुद्रमार्गें येई व भरलेलीं पिंपें त्याच मार्गानें जात. म्हणून नांवें समुद्राकडे तोंड करून. खाडींतून येतांना देवळाचा कळस दिसावा तसें तें दृश्य आहे, असें माझ्या मनांत आलें आणि ती उपमा मीं मनांतच दाबून टाकली, पण सौ.नीं तीच मोठ्यानें बोलून दाखविली.

बेटाचें क्षेत्रफळ सुमारें ६२० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर व उपनगरें मिळून जेवढी जागा होते तिच्याहून किंचित् अधिक. मुंबईच्या तेवढ्या जागेंत २०११ च्या खानेसुमारींत सव्वा कोटीच्या घरांत माणसें होतीं; येथें तीन हजारांच्या आसपास आहेत. त्यामुळें माणसाला माणसाचें अप्रूप. समोरून येणारा प्रत्येक मोटारवाला चाकावरचा हात उचलून अभिवादन करतो, मग ओळख असो वा नसो. पहिल्या दिवशीं सौ.नीं प्रत्येकाला रीतसर हात जोडले; दुसऱ्या दिवशीं त्यांचाही नुसता हात वर होऊं लागला.

बोमोर हें येथील मुख्य गांव. त्याच्या माथ्यावर १७६७ सालीं बांधलेलें गोल चर्च आहे. कोपरा ठेवला तर त्यांत सैतान दबा धरून बसेल म्हणून तें गोल बांधलें, अशी दंतकथा सांगतात. चर्चपासून सरळ खालीं उतरणारा रस्ता जेथें समुद्राला भिडतो त्याच्या शेजारीं १७७९ सालची दारूची भट्टी आहे. सैतानाला कोपरा मिळाला नाहीं तरी शेजार मिळाला, असें आमच्या पुतणीचें म्हणणें.

पोर्ट एलनहून बोमोरकडे जाणारा रस्ता कित्येक मैल सरळ रेषेंत जातो, आणि तरी मोटार होडीसारखी हेलकावे खाते. याचें कारण रस्त्याखालीं घट्ट जमीनच नाहीं, पीट आहे. पीट म्हणजे काय तें मी वर्गांत कोळशाच्या प्रकरणांत दोन ओळींत सांगत असें. प्रत्यक्ष पाहिलें तेव्हां त्या दोन ओळी किती कोरड्या होत्या तें कळलें. थंड, आम्ल, सांचलेल्या पाण्यांत शेवाळ, गवत आणि हेदर नांवाचें झुडूप मरून पडतें. हवा न मिळाल्यामुळें तें पुरतें कुजत नाहीं. वर नवें शेवाळ वाढतें, आणि असा हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीनें चढत जातो. म्हणजे पुरुषभर खोल चर खणला कीं तळाशीं दीड-दोन हजार वर्षांपूर्वींची वनस्पति हातीं लागते, आपल्याकडील सातवाहनांच्या काळची. उन्हाळ्याच्या आरंभीं लांब पात्याच्या खास फावड्यानें या थराच्या विटा कापतात. कापतांना त्या लोण्यासारख्या मऊ व काळ्याभोर असतात. वाऱ्यावर वाळल्या कीं आपल्या शेणीसारख्या हलक्या व तंतुमय होतात, आणि त्यांची रासही दुरून शेणींच्या राशीसारखीच दिसते. एके काळीं घरोघरीं हेंच जळण होतें, कारण या वाऱ्यांत झाड फारसें उभें राहत नाहीं. आतां घरांत तेल आणि वीज आली, व पीट मुख्यतः भट्ट्यांसाठीं उरलें आहे.

अशा दलदलींत कर्ब सांठून राहतो आणि ती खणली वा सुकविली कीं तो हवेंत जातो; म्हणून ब्रिटनमध्यें हल्लीं पीट काढण्याविरुद्ध ओरड आहे. दारूवाले म्हणतात, आमचा वांटा लहान, बागवाले अधिक घेतात. तें खरेंही आहे. पण अर्ध्या दिवसांत जाळून संपणारी वस्तु तयार व्हावयास हजार-दीड हजार वर्षें लागतात, हें चरांत उतरून त्या काळ्या भिंतीला हात लावल्यावर जसें पटतें तसें पुस्तकानें पटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही लाफ्रॉइगला गेलों. १८१५ सालीं जॉन्स्टन आडनांवाच्या दोन भावांनीं ही भट्टी काढली. आज ती एका जपानी कंपनीच्या मालकीची आहे. बहुतेक भट्ट्या आतां मोड आलेले सातू बाहेरून विकत घेतात. येथें त्यांतला कांहीं भाग अजून जुन्या पद्धतीनें घरींच करतात, आणि मला सर्वांत पाहण्यासारखें वाटलें तें हेंच. सातू पाण्यांत भिजवून एका लांबलचक माडीच्या फरशीवर पसरतात. त्यांना मोड येऊं लागतात. मोडांची गुंतवळ होऊं नये म्हणून दिवसरात्र दर कांहीं तासांनीं लांकडी फावड्यांनीं धान्य उलथेंपालथें करावयाचें. हें पाहतांच सौ. म्हणाल्या, “हे तर नाचणीचं सत्त्व!” आणि रसायनशास्त्राच्या अध्यापकाला मान डोलवावी लागली. बाळासाठीं नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण जें करतों त्याचें मर्म हेंच कीं, मोड येतांना धान्यांत एक पाचक द्रव्य तयार होतें व तें पिठाची साखर करूं लागतें. फरक पुढें पडतो. आपण मोड उन्हांत वाळवतों. आयलाला ऊन कोठून आणावें? तेथें खालीं पीट पेटवून धुरावर वाळवतात. हवेनें आणि गरिबीनें लादलेली ही सक्ति. तिचाच पुढें शौक झाला.

धुराची ती खोली आम्हांला दारांतून पाहूं दिली. ओलसर धान्याला त्या वेळीं जो वास चिकटतो तो पुढें दळणें, कढत पाण्यांत भिजविणें, आंबविणें, दोनदां गाळणें आणि दहा वर्षें पिंपांत मुरणें, एवढें सगळें होऊनही जात नाहीं. तो वास फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल या द्रव्यांचा. वाळलेल्या धान्यांत त्यांचें प्रमाण दशलक्ष भागांत ४० ते ४५ एवढेंच असतें, पण नाकाला तेवढें पुष्कळ होतें. यांतलें फिनॉल म्हणजेच जुन्या काळचें कार्बोलिक ॲसिड. १८६५ सालीं ग्लासगोच्याच रुग्णालयांत जोसेफ लिस्टर यांनीं एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर तें वापरलें, आणि तेथून शस्त्रक्रियेचें सारें शास्त्रच बदललें. लाफ्रॉइग प्रथम हुंगणारे बहुतेक लोक ‘इस्पितळाचा वास’ म्हणून नाक मुरडतात. त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे.

बाकीची क्रिया थोडक्यांत सांगतों. माझ्या आकृतींतील कांचेच्या चंबूच्या जागीं येथें हत्तीची सोंड वांकवावी तशी मान असलेले तांब्याचे प्रचंड हंडे आहेत. गाळलेला द्रव पितळी चौकटीच्या, कुलूप घातलेल्या कांचेच्या पेटींतून वाहतो. एके काळीं या कुलपाची किल्ली अबकारी अधिकाऱ्याजवळ असे, म्हणजे कामगारांनीं थेंबही सरकारची नजर चुकवून घेऊं नये. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढून मधलीच घेतात. ती पाण्यासारखी स्वच्छ असते. रंग येतो तो लांकडाचा. कायद्याप्रमाणें निदान ३ वर्षें तरी ओकच्या पिंपांत स्कॉटलंडमध्येंच मुरल्यावांचून तिला स्कॉच म्हणतां येत नाहीं. पिंपें बहुधा अमेरिकेंतून येतात, कारण तेथील बर्बन व्हिस्कीला दर वेळीं कोरें पिंप लागतें व जुन्याचा तिला उपयोग नसतो. पिंपांतून वर्षाला शेंकडा दोनच्या सुमारास द्रव नुसता उडून जातो. त्याला हे लोक देवदूतांचा वांटा म्हणतात. गोव्यांत आतां अशीच व्हिस्की करतात व तिच्यासाठीं स्कॉटलंडहून पीटही आणवितात. तेथील उन्हाळ्यांत देवदूतांची तहान कितीतरी वाढते. व्हिस्की हा शब्द ज्या गेलिक शब्दांवरून आला त्यांचा अर्थ ‘जीवनाचें पाणी’. आपल्या संस्कृतांत ‘जीवन’ या शब्दाचाच एक अर्थ पाणी. भट्टीची गरज पडली नाहीं.

एका गोष्टीसाठीं मात्र भगिनीवाचकांस थोडें थांबवितों. १९३४ सालच्या उन्हाळ्यांत बेसी विल्यमसन नांवाची ग्लासगो विद्यापीठाची पदवीधर तरुणी कांहीं आठवड्यांच्या टंकलेखनाच्या कामासाठीं येथें आली. शिक्षिका व्हावयाचें तिच्या मनांत होतें. नोकरी मिळत नव्हती. मालक इयन हंटर हे फार संशयी व गुप्तपणा राखणारे म्हणून प्रसिद्ध होते. पण हिच्यावर त्यांचा विश्वास बसला. ते आजारी पडल्यावर कारभार हिच्याकडे आला, युद्धाच्या काळांत लष्करानें जागा घेतली असतांना तिनें ती संभाळली, आणि १९५४ सालीं हंटर वारले तेव्हां मृत्युपत्रान्वयें भट्टीच तिची झाली. कांहीं आठवड्यांसाठीं आलेली ती १९७२ पर्यंत तेथें राबली. भिंतीवर तिचा फोटो आहे. चेहरा एखाद्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा. सौ. त्या फोटोपुढें बराच वेळ उभ्या होत्या.

शेवटीं एका लहान खोलींत, समुद्राकडील खिडकीपाशीं, आमच्यापुढें तोंडाशीं निमुळते असे तीन बुटके पेले ठेवण्यांत आले. तळाशीं दोन चमचे सोनेरी द्रव; दहा वर्षांची लाफ्रॉइग. पुतणीला मोटार हांकावयाची होती. स्कॉटलंडमध्यें २०१४ पासून याबाबतचा कायदा फार कडक झाला आहे, म्हणून हांकणाऱ्यास त्याचा वांटा लहान कुपींत भरून देण्याची चाल आहे. तिची कुपी तिच्या पिशवींत गेली. मी लहानपणच्या एका वचनानें बांधलेला. तेव्हां आम्हां दोघांचीही दृष्टि सौ.कडे वळली.

“मी कोणाला वचन दिलेलं नाही,” त्या शांतपणें म्हणाल्या. “आणि इतक्या लांब येऊन नुसत्या भिंती बघून जायचं, हे काही खरं नव्हे.”

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरांत सणावारीं नैवेद्य दाखवीपर्यंत स्वयंपाकाची चव घेत नाहींत. आमटींत मीठ कमी आहे कीं बरोबर, पुरणांत जायफळ जास्त झालें कीं काय, हें माझी आई वासावरून सांगत असे, आणि ती विद्या तिनें सौ.ना दिली. माहिती सांगणाऱ्या वृद्ध गृहस्थाला पुतणीनें हें इंग्रजींत समजावून दिलें तेव्हां तो चकित झाला नाहीं. तो म्हणाला, आमच्याकडेही पिंपांची पारख करणारे दिवसभरांत शेंकडों नमुने नाकानेंच पारखतात. सगळे तोंडांत घेतले तर दुपारपर्यंत उभे राहतां येणार नाहीं.

सौ.नीं पेला नाकाशीं नेला, किंचित् दूर धरला, पुन्हा जवळ आणला. “अहो, ही तर बाळंतिणीची खोली!” मग डोळे मिटून एकेक सांगूं लागल्या. “शेगडी. तिच्यावर ओवा टाकलाय. धुरी… आणि आयोडीन. भिजलेला दोर असतो ना होडीचा, तो. खाली मात्र गोड आहे, काकवीसारखं.” नंतर त्यांनीं औषध घ्यावें तसा एक घोट घेतला. चेहरा प्रथम आक्रसला, मग हळूंहळूं सैल झाला. “जिभेला तेलकट लागतं. आधी गोड, मग खारट, मग सगळी राख. चूल पोटांत गेल्यासारखी वाटते.” वृद्धानें त्यांत चार थेंब पाणी घातलें. पाण्यानें अल्कोहोलची पकड सैल होते व वास मोकळे होतात. त्या म्हणाल्या, “आता धूर मागं सरला. लिंबाची साल येतेय.” उरलेलें त्यांनीं पेल्यांतच ठेविलें. “एकदा कळलं, पुरे झालं. पण वाईट आहे, असं मात्र मी म्हणणार नाही.” मीं पुढें पुष्कळ जाणकारांचीं वर्णनें वाचलीं, याहून नेमकें वर्णन मला आढळलें नाहीं. व्हॅनिलाचा वास तेवढा त्यांना सांगतां आला नाहीं. तो पेला रिकामा करून दहा मिनिटें ठेविला कीं येतो. तो मीं हुंगला.

मीं वचन मोडलें नाहीं, पण नाकाबद्दल वचनांत कांहीं नव्हतें. धूर, समुद्र, कार्बोलिक, सारें सौ.नीं सांगितल्याप्रमाणें होतें. लहानपणापासून ज्या वासाची मला धास्ती, तो येथें भेटेल म्हणून मी छाती घट्ट करून बसलों होतों. तो प्रथम सांपडलाच नाहीं. मग सर्वांच्या खालीं, अगदीं तळाशीं, कांहीं तरी उष्ण आणि तीक्ष्ण असें ओळखीचें लागलें, आणि मीं पेला खालीं ठेविला. पुतणी माझ्याकडे पाहत होती.

त्या रात्रीं जेवणानंतर आम्ही चौकोनी दीपगृहापर्यंत पायीं गेलों. दहा वाजले तरी आकाशांत उजेड होता. सौ. वाळूंत शिंपले पाहत मागें राहिल्या. पुतणी म्हणाली, “काका, आजोबा काय प्यायचे?”

ही पुतणी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी नव्हे. ती माझ्या धाकट्या काकांची नात. तिच्या वडिलांनीं तिला सांगितलें होतें कीं, आजोबा काविळीनें गेले. घरांत कोणी याहून जास्त कधीं बोललें नव्हतें, आणि विचारलें असतें तरी बोललें नसतें. म्हणून तिनें आम्हांला इतक्या लांब, दारूच्याच बेटावर आणलें. येथें तरी विषय टाळतां येणार नाहीं, असा तिचा हिशोब.

मीं सांगितलें. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें चांगली दारू श्रीमंतांच्या घरांत गेली आणि वाईट दारू गल्लींत आली. त्या कायद्यान्वयें आजही आपल्याकडे पिणाऱ्यास परवाना लागतो. असा परवाना वाचकांपैकीं कितीजणांनीं पाहिला असेल? काका एका पेढींत हिशोबनीस होते. अक्षर मोत्यासारखें, आणि मांजा त्यांच्यासारखा आमच्या आळींत कोणी करीत नसे. ते हातभट्टीची पीत. काळा गूळ आणि नवसागर यांची ती. रात्रीं परसदारानें येत. आजी त्यांचें ताट परातीखालीं झांकून ठेवी. दारूचा वास मारावा म्हणून ते वेलदोडे चघळीत. त्यामुळें मला आजही भीति वाटते ती दारूच्या वासाची नव्हे. श्रीखंडाचें पातेलें उघडलें कीं क्षणभर पोटांत गोळा येतो. त्यांच्या अंथरुणाशीं वेलदोडा आणि त्याच्या तळाशीं तें उष्ण, तीक्ष्ण असें दोन्ही एकत्र असे. १९६७ च्या श्रावणांत ते गेले. पोट पाण्यानें भरलें होतें. वय अडतीस.

चौदाव्या दिवशीं माझ्या वडिलांनीं घरांतल्या आम्हां चार मुलांना देवघरापुढें उभें केलें व आयुष्यांत दारूला शिवणार नाहीं असें वचन घेतलें. पहिलें वचन तिच्या वडिलांकडून घेतलें. तो नऊ वर्षांचा होता, आणि कशाबद्दल बोलावयाचें तें त्याला नीट उमगलेंही नव्हतें. माझे वडील वाईट नव्हते. पण त्या दिवसानंतर काकांचें नांव घरांत निघालें तें वर्षांतून एकदां, श्राद्धाच्या संकल्पांत. भिंतीवर आजोबांच्या शेजारीं त्यांचा फोटो लागला नाहीं.

“आणि हे, आज काकूनं घेतलं ते,” तिनें विचारलें, “तेच का?”

मी म्हणालों, रसायन तेंच. काकांची दारू रात्रीं गाळलेली आणि दुसऱ्या दिवशीं संपलेली. हिला दहा वर्षें मिळालीं, ओकचें पिंप मिळालें, समुद्राची हवा मिळाली. पण यकृताला पिंपाचें वय कळत नाहीं. हें शेवटचें वाक्य बोलतांना आपण पुन्हा वर्गांत उभे आहों असें मला वाटलें, आणि मी गप्प झालों. ती बराच वेळ समुद्राकडे पाहत होती. मग तिनें विचारलें तें अगदींच वेगळें. “मांजा कशाचा करायचे?” मीं खळ, कांचेची पूड, रंग, सारें सांगितलें. कांच कुटतांना ते आम्हां मुलांना दहा पावलें लांब उभें करीत, हें सांगतांसांगतां आठवलें; कित्येक वर्षांत आठवलें नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं बोटीला वेळ होता म्हणून किनाऱ्यानें पूर्वेकडे किल्डाल्टनला गेलों. वाटेंत आर्डबेग लागली. ती १९८१ सालीं बंद पडली होती, मग कांहीं काळ अर्धवट चालली, पुन्हा बंद झाली आणि १९९७ सालीं नव्या मालकांनीं घेतल्यावर उभी राहिली. पोर्ट एलनची भट्टी १९८३ पासून बंद होती व आम्ही गेलों तेव्हां तिचें बांधकाम चालू होतें; २०२४ सालीं ती पुन्हा सुरू झाली. एवढ्याशा वस्तीच्या बेटावर भट्टी बंद पडणें म्हणजे गिरणी बंद पडल्यानंतरचें गिरणगांव. तेव्हां त्या धुराचा तेथें कोणाला राग येत नाहीं, यांत आश्चर्य नाहीं. किल्डाल्टन येथें मोडक्या चर्चच्या अंगणांत एकाच दगडांतून कोरलेला आठव्या शतकांतील क्रूस उभा आहे. बाराशें वर्षांचा वारा-पाऊस खाऊनही त्यावरील वेलबुट्टी स्पष्ट दिसते. सौ.नीं तेथें गवतांतलें एक पिवळें फूल ठेविलें.

पुण्यास परत आल्यावर मीं माळ्यावरची जुनी ट्रंक काढली. १९६१ सालच्या एका मुंजीचा समूहफोटो तिच्या तळाशीं सांपडला. काका अगदीं कडेला उभे आहेत, उपरणें खांद्यावरून घसरलेलें, एक हात माझ्या डोक्यावर. त्याची प्रत करवून मीं ग्लासगोला पाठविली. पुतणीनें तिच्यांतून काकांचा तेवढा भाग मोठा करून घेतला व एक फोटो स्वतःच्या दिवाणखान्यांत लावला; ती कुपी अजून न उघडतां तिच्या फडताळांत आहे, असें तिनें कळविलें. दुसरा फोटो तिनें नागपुरास आपल्या वडिलांकडे पाठविला आहे. तो पोंचल्याचें त्यानें अद्याप कळविलेलें नाहीं.